बेळगावात गल्ल्या अरुंद आणि कॅम्प ऐसपैस, असं का?

कारण ही दोन वेगळी गावं शेजारीशेजारी वाढली. गणपत गल्ली, मारुती गल्ली पायी चालणाऱ्यांच्या हिशेबानं झाल्या. दिवाळीच्या तोंडावर तिथं स्कूटर घालून बघा, मागून कोणतरी 'सरका की ओ' म्हणतंयच. कॅम्प इंग्रजांनी फौजेसाठी आखला, म्हणून रुंद रस्ते, झाडं, बंगले. (बेळगावातलंच शहापूर तर सांगली संस्थानात होतं, त्याची पेठ आणि वेगळी.)

मोरोक्कोतल्या फेज शहरात हेच दिसतं. मदिनेच्या, म्हणजे जुन्या शहराच्या, बोळांतून आजही गाढवावरून माल जातो, आणि १९१२ नंतर फ्रेंचांनी बाजूला सरळ रस्त्यांचं नवं शहर वसवलं. न्यूयॉर्कचं उलटंच: मॅनहॅटनचे बहुतेक चौकोन १८११ लाच कागदावर आखले, घरं मागाहून आली.