वाचक विचारतात : यादी मोठी झाली, पुढे काय?

पक्षिनिरीक्षण करणाऱ्या गटांच्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण तीच अडचण थोड्याफार फरकाने बऱ्याच गावांत येते.

प्रश्न : आमचा आठ-दहा जणांचा गट चार वर्षं दर रविवारी गावाजवळच्या सिंचन तलावावर जातो. १४० जातींची यादी झाली आहे. आता तलावाचं सुशोभीकरण व्हायचं आहे : चहूबाजूंनी दगडी भिंत, फिरायचा रस्ता, दिवे, कारंजं. यादी घेऊन आम्ही कार्यालयात गेलो, तर ‘पक्षी काय, दुसरीकडे जातील’ असं ऐकून परत आलो. काय करावं?

उत्तर : १४० हा आकडा भारदस्त आहे, पण त्यातून एवढंच कळतं की चार वर्षांत कधीतरी, कुणाला तरी हे पक्षी दिसले. किती होते, कोणत्या महिन्यात, तलावाच्या कोणत्या बाजूला आणि काय करत होते, हे यादी सांगत नाही. भिंत मात्र काठावरच बांधली जाणार आहे. तेव्हा तुमची नोंदही काठाचीच हवी.

तलावाचा साधा नकाशा काढा आणि काठाचे चार-पाच भाग पाडून त्यांना क्रमांक द्या. प्रत्येक भाग नीट दिसेल अशी उभं राहायची एकेक जागा कायमची ठरवा. सकाळी सूर्य पाठीमागे राहील अशी निवडा, नाहीतर समोरच्या चकाकीत सगळी बदकं काळीच दिसतात. दर रविवारी जमलं नाही तरी चालेल, पंधरवड्यातून एकदा पुरे. पण वेळ तीच, जागा त्याच आणि क्रमही तोच ठेवा. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. मोजणाऱ्याने दुर्बिणीवरून डोळा काढून वहीत पाहिलं की थव्यातली जागा हरवते.

आधी बदकं मोजा, कारण माणूस दिसला की तीच पहिली उडतात. मग काठावरचे चिखल्या, तुतारी, शेकाटे. बगळे शेवटी, ते कुठे पळत नाहीत. मोठा थवा असेल तर वीस पक्षी खरोखर एकेक मोजायचे, त्यांनी किती जागा व्यापली हे डोळ्यांत धरायचं आणि तेवढे तुकडे थव्यावर किती बसतात ते पाहायचं. दाट थव्याचा अंदाज बहुतेकांचा कमीच येतो. म्हणून दोघांनी एकमेकांना न सांगता आकडा लिहावा. फरक पाचव्या हिश्श्याहून जास्त निघाला तर पुन्हा मोजावं. नुसती सरासरी काढून मोकळं होऊ नये.

एक चूक हमखास होते. ऑक्टोबरात नुकत्याच आलेल्या बदकांचे नर अजून मादीसारख्याच मळकट पिसांत असतात. तेव्हा तलवार बदक, थापट्या आणि चक्रांग यांच्यात भले भले फसतात. खात्री नसेल तर ‘अनोळखी बदक, ६०’ असं लिहा. ती नोंद कमी प्रतीची नाही. चुकीचं नाव लिहिलेली नोंद मात्र बाकीच्या वहीवरचाही विश्वास घालवते. याच्या उलट चूक म्हणजे वंचक, टिटवी, कावळा यांना ‘नेहमीचेच’ म्हणून सोडून देणं. दिसलेली प्रत्येक जात लिहिली असेल तरच एखादी जात न दिसण्यालाही अर्थ येतो.

हीच नोंद ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर ‘संपूर्ण यादी’ म्हणून भरा. सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती अंतर आणि किती माणसं हे चारही रकाने भरलेले हवेत. २०२३ सालच्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात ९४२ जातींची स्थिती तपासली आहे. ती सुमारे तीन कोटी नोंदींवरून, आणि त्या नोंदी हौशी निरीक्षकांच्याच आहेत. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. १९८७ पासून चाललेल्या या गणनेत तुमच्या तलावाचा आकडा दरवर्षी गेला, तर कार्यालयातल्या टेबलावर त्याला वेगळंच वजन येतं. एखाद्या जातीच्या त्या पट्ट्यातल्या एकूण संख्येच्या एक टक्का पक्षी नियमित येतात का, हा रामसर दर्जाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेच्या, निकषांपैकी एक आहे. २०,००० पाणपक्षी हा दुसरा. तुमचा तलाव तिथवर पोचेल असं नाही. पण मोजलंच नाही तर तेही कळणार नाही.

कायद्याच्या बाबतीत भ्रमात राहू नका. २०१७ च्या पाणथळ नियमांतून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. महाराष्ट्रातले पक्ष्यांचे बरेच तलाव नेमके याच प्रकारातले, आणि अनेक गट ‘नियमभंग झाला’ असा अर्ज करून इथेच अडकतात. बांधलेल्या तलावाला महत्त्व नसतं असा याचा अर्थ नाही. नांदूर मध्यमेश्वर हेही बंधाऱ्यामागे साठलेलं पाणी आहे, आणि २०२० च्या जानेवारीत ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. पण तुमच्या अर्जाचा भर नियमापेक्षा आराखड्यावर असू द्या. माहितीच्या अधिकारात कामाचा आराखडा आणि अंदाजपत्रक मागवा. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, तेव्हा निविदा निघायची वाट पाहू नका.

आराखड्यात काय मागायचं? ‘काम रद्द करा’ या मागणीला सहसा कुणी दाद देत नाही. तुतारी आणि चिखल्यांना बोट-दोन बोटं पाणी लागतं, शेकाट्याला वीतभर, तर थापट्या आणि तलवार बदक मान बुडवून तळ गाठता येईल एवढ्याच खोलीत चरतात. उभी भिंत घातली की हा सगळा उथळ पट्टा एका दिवसात संपतो. उरतं ते खोल पाणी, आणि त्यात वारकरी (काळा पाणपक्षी) व पाणकावळे तेवढे राहतात. पाणकणीस उपटलं की जांभळ्या पाणकोंबडीची घरट्याची जागा गेली. म्हणून नकाशावर दाखवून द्या : भाग दोन आणि तीनमध्ये इतके टक्के पक्षी असतात, एवढा काठ उतरता ठेवा, रस्ता आणि दिवे गावाकडच्या बाजूला घ्या, कारंजं नको. गाळ काढायचाच असेल तर तो एप्रिल-मेमध्ये, स्थलांतरित पक्षी परतल्यावर, आणि उथळ बाजू सोडून. ठेकेदाराचं काम कमी होतं, पैसे वाचतात, हेही त्याच अर्जात लिहायला लाजू नका.

प्रश्न : एक कंपनी तिच्या सामाजिक निधीतून गावाबाहेरच्या उजाड माळावर आमच्या गटामार्फत पाच हजार झाडं लावणार आहे. दोन सदस्यांचा मात्र विरोध आहे. पक्षिप्रेमींनी झाडांना विरोध करावा का?

उत्तर : विरोध करणारे दोघे बरोबर आहेत.

कमी पावसाच्या, मुरमाड, उथळ मातीच्या जमिनीवर पवन्या, मारवेल, कुसळीचं गवत हेच तिथलं जंगल. धाविक, माळटिटवी, चंडोल, रातवा हे सगळे तिथे जमिनीवरच अंडी घालतात. त्यांचा बचाव दोन गोष्टींवर असतो : अंड्यांचा मातीत मिसळणारा रंग आणि दूरवर दिसणारी मोकळी नजर. मधोमध झाड उभं राहिलं की कावळ्याला टेहळणीची जागा मिळते आणि नजरही अडते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर ज्याच्यासाठी अभयारण्य झालं, तो माळढोक तर बहुधा एका वेळी एकच अंडं घालतो. त्याला चुकायला वावच नाही. शिवाय खड्डे आणि चर खणताना जुनी गवताची ठोंबं उखडली जातात. टँकरने पाणी घालून दोन वर्षं जगवलेली रोपं तिसऱ्या उन्हाळ्यात मरतात आणि मोकळ्या झालेल्या मातीत घाणेरी शिरते.

कंपनीला नकार कळवण्याआधी मार्च ते जून या काळात माळावर प्रत्येकी अर्ध्या किलोमीटरच्या चार रेषा चाला. दोन माणसांत दहा-बारा पावलांचं अंतर ठेवा, पाय टाकण्याआधी जमीन बघा आणि जे दिसेल ते लिहा. घरटं सापडलं तर थांबू नका आणि तिथे खूण रोवू नका, खुणेवरून कावळा येतो. ही नोंद जोडून पर्याय सुचवा : विलायती बाभूळ आणि सुबाभूळ बी धरण्याआधी मुळासकट काढणं, वणवा अडवणाऱ्या जाळरेषा आखणं, बी पडून गेल्यावरच गवत कापणं. चराई बंद करा असं मात्र म्हणू नका. धाविकाला आखूड गवतच लागतं, आणि धनगरांची मेंढरं तिथे तुमच्या गटाच्या कितीतरी आधीपासून आहेत. पाळीपाळीने काही भाग मोकळा ठेवायचं त्यांच्याशीच बोलून ठरवा. झाडं लावायचीच तर ओढ्याच्या काठाला उंबर, करंज लावा. पाच हजारांचा फलक तिथे होणार नाही, ही कंपनीची अडचण आहे, माळाची नाही.

प्रश्न : संक्रांतीच्या सुमारास मांज्यात अडकलेले पक्षी आमच्याकडे आणले जातात. डॉक्टर मिळेपर्यंत काय करावं?

उत्तर : मांजा ओढू नका. पंखाच्या कातडीत रुतलेला दोरा ओढला की स्नायूबंध तुटतो. पक्ष्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर दोरा ठेवून कात्रीने कापा आणि रुतलेला भाग डॉक्टरांसाठी तसाच राहू द्या. पक्ष्यावर सुती कापड टाकून पंख अंगाशी मिटलेल्या स्थितीत उचला. घार किंवा घुबड असेल तर डोकं झाकून आधी पाय पकडा, कारण इजा नख्यांनी होते, चोचीने नाही. बगळा आणि पाणकावळा यांचं उलट : ते थेट डोळ्यावर चोच मारतात, म्हणून डोक्यामागून मान धरा आणि चेहरा लांब ठेवा.

मग भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, तळाला कापड आणि अंधार. पिंजरा नको, त्यात पिसं मोडतात. चोचीत पाणी ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं. खायला घालण्याचीही घाई नको. फोटोसाठी खोकं दर दहा मिनिटांनी उघडणाऱ्या उत्साही मंडळींना आवरणं हेही उपचारच आहेत.

वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर लगेच कळवा आणि फोनची वेळ लिहून ठेवा. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा पक्षी सरकारी मालमत्ता आहे, आणि तो ताब्यात आल्यापासून ४८ तासांत कळवणं बंधनकारक आहे. ‘बरा होईपर्यंत घरी ठेवला’ ही सबब चांगल्या हेतूनेही चालत नाही. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे. तेव्हा विक्री दिसली तर दुकानाच्या फोटोसह पोलिसांत लेखी तक्रार द्या.

प्रश्न : गटातले काही जण घुबडाच्या ढोलीसमोर तासन्‌तास उभे राहून फोटो काढतात. नवरंग पक्षी दिसावा म्हणून मोबाइलवर त्याचीच हाक वाजवतात. सांगितलं तर वाद होतो.

उत्तर : सांगण्यापेक्षा लिहून ठेवा. घरट्याचे फोटो गटावर टाकायचे नाहीत, घरट्याची जागा कुणाला पाठवायची नाही, विणीच्या काळात हाक वाजवायची नाही. तीन ओळींचा नियम नव्या सदस्याला पहिल्याच दिवशी वाचून दाखवा. हाक ऐकून आलेला नर खरं तर नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हुसकवायला आलेला असतो. तेवढा वेळ तो पिल्लांना चारा आणत नाही. कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं. हे वाक्य गटावर एकदा टाकलं की वादाचा सूर बहुधा बदलतो.

प्रश्न : मर्लिन अॅपने आवाजावरून ओळखलेले पक्षी यादीत धरावेत का?

उत्तर : अॅपला सुचवू द्या, लिहायचं मात्र तुम्ही पाहिलेलं किंवा स्वतःच्या कानाने ओळखलेलं. कोतवाल आणि भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतात. शिक्र्याची हाक ऐकू आली आणि समोर कोतवाल निघाला, असं होतं. अॅप तिथे शिक्रा लिहून मोकळं होतं.

प्रश्न : आता गटाची संस्था म्हणून नोंदणी करावी, असं काही जण म्हणतात. फायदा होतो का?

उत्तर : देणगी किंवा अनुदान घ्यायचं असेल तर नोंदणी करा, नाहीतर थांबा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते आणि मग दरवर्षी हिशेबतपासणी आली. गाडी अडते ती पुढे. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. पहिले दोन अर्ज राहून गेले की कागदावर जुनेच विश्वस्त राहतात, बँक नव्यांच्या सह्या घेत नाही आणि जुन्यांपैकी एखादा तर गाव सोडून गेलेला असतो. तेव्हा अध्यक्ष कोण, यापेक्षा चिटणीस कोण हे आधी ठरवा. दुर्बिणीमागे फारसा न रमणारा, पण कागद जपणारा एक माणूस प्रत्येक गटात असतो. त्यालाच विचारा.