तुमचे प्रश्न : लेस्मोत गाडी गरकन का फिरते?

प्रश्न : नारायण कार्तिकेयन 2005 मध्ये जॉर्डन संघाकडून उतरला तेव्हापासून मी फॉर्म्युला वन बघतो. 2011 ची ग्रेटर नोएडाची रेस स्टँडमध्ये बसून पाहिली. आता पन्नाशीनंतर ‘असेटो कोर्सा’ हा कार रेसिंगचा गेम आणि स्टिअरिंग-पेडल घेतलं आहे. पण गेममधली फेरारी एफ2004 ही फॉर्म्युला वन गाडी घेऊन इटलीतल्या मोंझा ट्रॅकवर गेलो की लेस्मोच्या वळणात गाडी दर वेळी गरकन फिरते. मुलगा म्हणतो, मदतीचे सगळे पर्याय चालू करा. तसं केलं की मजाच जाते. या वयात हे जमेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : काका, नक्की जमेल. इतकी वर्षं रेस पाहिलेल्या माणसाला हा गेम जे देतो, ते नुसत्या गेमवेड्या पोराला मिळत नाही.

आधी लेस्मोचं बघू. वळणात शिरल्यावर वेग जास्त वाटतो आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून पटकन उचलला जातो. तसं झालं की वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात, पकड सुटते आणि गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते. खऱ्या गाडीतही हेच होतं. म्हणून जोराचा ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असतानाच मारा. मग स्टिअरिंग जसजसं वळेल तसतसा ब्रेक सोडत जा आणि वळणाच्या मध्यावर अ‍ॅक्सिलरेटर थोडासा दाबून धरा. पहिल्या लॅपला (फेरीला) टायर थंड असतात, तेव्हा घाई नको. हाताकडेही लक्ष असू द्या : पुढची चाकं घसरायला लागली की स्टिअरिंग हलकं पडतं. अशा वेळी जास्त वळवू नका, उलट थोडं सोडा.

मुलाचं निम्मं ऐका. एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (वेग घेताना चाकं घसरू न देणारी) ‘फॅक्टरी’वर ठेवा, म्हणजे खऱ्या गाडीत जे आहे तेवढंच मिळेल. रस्त्यावर दिसणारी मार्गदर्शक रेषा मात्र बंद करा. ती चालू असली की नजर रेषेवरच खिळते, वळणाच्या पुढे जात नाही. खुर्ची चाकांची असेल तर बदला, नाहीतर ब्रेक दाबताना तीच मागे सरकते.

आणि एफ2004 सध्या बाजूला ठेवा. माझदा एमएक्स-5 ही छोटी स्पोर्ट्स कार घ्या. तिचा वेग बेताचा आहे, त्यामुळे वजन कुठून कुठे जातंय ते सावकाश कळतं.

माझदा हातात बसली की माझा आवडता उद्योग करून बघा. या गेममध्ये 1966 चा मोंझा आहे, शिकेन (वेग कमी करायला लावणारी नागमोडी वळणं) नसलेला, आणि लोटस 49 ही त्या काळातली फॉर्म्युला वन गाडी आहे, गाडीला रस्त्यावर दाबून धरणारे पंख नसलेली. 1967 च्या इटालियन ग्रां प्रीमध्ये लोटसचा ड्रायव्हर जिम क्लार्क टायरमुळे पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत) गेला आणि एक लॅप मागे पडला. याच गाडीने तो सगळ्यांना गाठत पुन्हा पहिला आला, पण शेवटच्या लॅपला इंधनाने दगा दिला आणि तिसरा ठरला. जिंकला होंडाचा जॉन सर्टीस. मी ही रेस वाचून पाठ केली होती. पण लोटस घेऊन लेस्मोत शिरल्यावर क्लार्कने काय केलं होतं ते अंगावर आलं. टाकी भरून एकदा आणि थोड्या इंधनावर एकदा चालवा, वजनाचा फरक लगेच जाणवेल. लोटसला एबीएस नाही. तिथे ‘फॅक्टरी’ असलं तरी चाक लॉक होऊ न देणं तुमच्याच पायावर आहे.