“मॅडम, मला दुसरं काही येतच नाही”

गवंडी, हमाल, फिटर, गॅस सिलिंडर पोचवणारे. अंगमेहनतीची माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ती बहुधा पंचेचाळिशीच्या आसपास आणि पहिलं वाक्य हेच म्हणतात. कंबर किंवा गुडघे थकलेले असतात, डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केलेली असते.

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधले एक माथाडी दादा असेच आले. खरं तर वहिनींनी आणलं. मूळ जावळीकडचे. विशीत हमालांच्या टोळीत लागले, तेव्हापासून पाठीवर ५०-५० किलोंच्या गोणी. मणक्यातली चकती सरकली होती, तरी पट्टा बांधून कामावर जायचे. एका व्यापाऱ्यानं “माल बघायला या” म्हणून काम देऊ केलं होतं, त्याला यांनी उत्तरच दिलं नव्हतं.

“गोणीला हात लावल्यावर काय कळतं?” मी विचारलं.

ते जरा खुलले. “आतला माल ओला आहे की सुकलेला. मान जाड असेल तर कांदा टिकत नाही. उन्हाळी कांदा कांदाचाळीत चार-पाच महिने राहतो, लाल लगेच खपवावा लागतो. बुडाला एक जरी सडला असेल तरी वासावरून सांगतो.”

“टोळीतल्या नव्या पोरांना हे कळतं?”

“त्यांना कुठलं! पण मॅडम, हे काय काम आहे का?”

इथे मी थांबले. काही येत नाही, ही त्यांची अडचण नव्हतीच. घाम गाळला तरच ती कमाई, नाहीतर फुकटचं खाणं, हा समज त्यांना त्या व्यापाऱ्याकडे जाऊ देत नव्हता. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर घडलेली समुपदेशक. परिस्थितीइतकंच तिच्याविषयी आपण मनाशी काय घोकतो तेही माणसाला अडवतं, हे मी रोज बघते.

“तुमचा मुलगा काय शिकतो?”

“बी.कॉम. शेवटचं वर्ष.”

“उद्या तो खुर्चीत बसून पगार घेईल. तो फुकटचं खाणार?”

दादा बराच वेळ बोलले नाहीत. वहिनी काही म्हणणार होत्या, मी त्यांना हातानंच थांबवलं. अशा वेळी गप्प राहणं मला जमतं आणि ते मी कष्टानं शिकले आहे. शेवटी ते म्हणाले, “त्याला मी असं कधीच म्हणणार नाही.”

“मग स्वतःला का म्हणता?”

ते रडले. पुढच्या भेटीत व्यापाऱ्याशी काय बोलायचं याचीच तयारी केली. आज ते माल पारखतात, प्रतवारीवर देखरेख करतात. पैसे टोळीपेक्षा कमी मिळतात, घरात त्यावरून कुरबुरही होते.

तुमचंही असंच असेल, तर आधी दिवसभर जे न विचार करता करता ते घरच्या कुणाला तरी सांगा आणि त्यांना लिहून घ्यायला लावा. गवंड्याला किती विटा लागतील हे नजरेनं कळतं, फिटरला आवाजावरून बिघाड कळतो. कोणाला त्याची गरज आहे, ते शोधा. शरीर पूर्ण मोडेपर्यंत वाट बघू नका. थोडं चालतंय तोवरच नव्या कामाचा अनुभव घ्या. कमी पैशांत घर कसं चालेल, हे जोडीदारासोबत बसून मांडा. नोंदीत माथाडी असाल, तर १९६९ च्या कायद्यामुळे तुमचा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी माथाडी मंडळाकडे असते. काम सोडण्याआधी मंडळात जाऊन हिशेब लेखी घ्या आणि ती रक्कम लग्नात किंवा गावच्या घरात एकदम घालू नका. पहिलं वर्ष तिच्यावरच निघायचं असतं.