टेस दुसऱ्यांदा वाचताना

एकदा वाचून नुसतं दुःखच दुःख वाटलं म्हणतोस ना, मग थॉमस हार्डीची इंग्रजी कादंबरी टेस (१८९१) आता लाल रंगावर लक्ष ठेवून वाच. पहिल्याच नाचात सगळ्या पोरी पांढऱ्या कपड्यांत आणि लाल रिबीन एकट्या टेसच्या केसांत. नंतर प्रिन्स घोड्याचा सीन, तो तर सावकाशच वाच, पहाटे गाडीवर तिला डोळा लागतो, समोरून टपालगाडी धडकते, तिचा दांडा घोड्याच्या छातीत घुसतो आणि ही जखमेवर हात दाबते तर रक्त हिच्याच अंगावर उडतं. घोडा गेला म्हणजे घरची कमाई गेली, म्हणून तर तिला ॲलेकच्या, म्हणजे पुढे तिचा गैरफायदा घेणाऱ्या श्रीमंत पोराच्या, दारात जावं लागतं.

होणाऱ्या नवऱ्याला, एंजेलला, ॲलेकचं सगळं सांगायला टेसने लिहिलेली ती गालिच्याखाली गेलेली चिठ्ठी बऱ्याच जणांना फिल्मी योगायोग वाटते. मला अजिबात नाही पटत. चिठ्ठी सापडल्यावर ती लग्नाआधी परत सांगायला जातेच की, एंजेलच म्हणतो नंतर बोलू, आणि रात्री स्वतःची चूक तिच्याकडून माफ करून घेतो पण तिला माफ करत नाही. म्हणजे हार्डीचं नशीब नुसती ग्रहदशा नाहीये, त्यात गरिबी आहे, माणसांचा दुटप्पीपणा आहे, ते वेगळं काढून बघ. शेवटच्या भागात छतावरचा रक्ताचा डाग आला की परत रिबीनवालं पान उघड.