भेंडी-वांग्यावरचा लाल कोळी पाऊस पडला की आपोआप जातो का?

जोराच्या पावसाने लाल कोळी (पानांचा रस शोषणारी अगदी बारीक कीड) बऱ्यापैकी धुऊन जातो, पण पूर्ण संपत नाही. उघडीप लांबली की तो पुन्हा डोकं वर काढतो. या किडीला तापलेली, कोरडी हवा मानवते. तापमान ३० अंशांच्या आसपास असेल तर अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, थंडीत हाच काळ बराच लांबतो. म्हणून मार्च ते मे जास्त जपा. पाण्याचा ताण बसलेल्या आणि रस्त्याकडेच्या धुळीने माखलेल्या ओळी आधी तपासा: पान उलटं करून भिंगातून पाहिलं तर शिरेलगत बारीक जाळी, गोल चकचकीत अंडी आणि हलणारे ठिपके दिसतात. वरून पान पांढुरकं, ठिपकेदार होतं.

मिरचीचं गणित मात्र उलटं आहे. तिच्यावरचा पिवळा कोळी उबदार, दमट, ढगाळ हवेत वाढतो, त्यामुळे तिथे पावसाच्या भरवशावर राहू नका. जाळी दिसत नाही. शेंड्याची पानं खाली वळून उलट्या होडीसारखी होतात. (वर वळत असतील तर बहुधा फुलकिडे.)

कोळी दिसताच सिंथेटिक पायरेथ्रॉइड (सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशकं) मारू नका, कृपा करून! त्याने कोळी खाणारे मित्रकीटकच मरतात आणि प्रादुर्भाव भडकतो. कोळ्यासाठी वापरतात ते गंधकही भर उन्हात फवारू नये. काकडीवर्गीय वेलींची पानं तर पटकन करपतात.