पुण्याहून बेळगाव भागात नातेवाइकांकडे चार दिवस गाडीने जायचे आहे. मार्ग, जेवणे आणि भेटी यांची आखणी कशी करावी?

आपण विचारले आहे की, डिसेंबरच्या सुट्टीत सत्तरीतले आई-वडील आणि दोन शाळकरी मुले यांना घेऊन स्वतःच्या गाडीने निपाणी, खानापूर, बेळगाव आणि गोकाक अशा चार ठिकाणच्या नातेवाइकांकडे जायचे आहे, तर वाट कोणती धरावी, कुठे काय खावे आणि कुणाला किती वेळ द्यावा. माझे माहेर बेळगावच्या शहापूर भागातले आणि सासर पुण्याचे असल्यामुळे हाच प्रवास मी गेली 26 वर्षे, बहुतेक दर हिवाळ्यात, सासूबाईंसह करीत आले आहे. त्या आधारावर लिहिते.

नकाशा उघडण्याआधी चारही घरी फोन करून कोणते जेवण कुणाकडे हे ठरवून घ्यावे आणि मग त्या जेवणांच्या मधल्या वेळेत प्रवास बसवावा, एवढे एक केले तरी निम्मी आखणी झाली असे समजावे. आमच्याकडे पाहुणा नुसता भेटून जात नाही, तो जेवून जातो. आणि या भागातले जे पदार्थ खाण्यासारखे आहेत, त्यांतले बहुतेक घरीच चांगले मिळतात.

हे मला कसे कळले ते सांगते. लग्नानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आम्ही पहाटे पुणे सोडले, अकराच्या सुमारास कोल्हापुरात थांबून सगळ्यांनी पोटभर मिसळ खाल्ली आणि साडेबाराला निपाणीत मामांच्या दारात गाडी उभी केली. मामांची तंबाखूची वखार घरालगतच असल्याने त्या घराला कायम तंबाखूचा उग्र, गोडसर वास असतो, पण त्या दिवशी त्या वासावरही मटणाच्या रश्शाने मात केली होती. मामींनी तांबडा आणि पांढरा असे दोन्ही रस्से केले होते, शिवाय मुलांसाठी बिनतिखटाचे वेगळे काढून ठेवले होते. आमच्यापैकी कुणालाच दोन घासांपलीकडे जाईना. मामी एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांनी सगळे डब्यांत भरून गाडीत ठेवले आणि आम्ही तवंदीचा घाट चढेपर्यंत बेळगावला फोन करून कळवले, की ही मंडळी काही जेवत नाहीत. संध्याकाळी माहेरी पोहोचलो तेव्हा आईचा पहिला प्रश्न, ‘काय गं, तब्येत बरी नाही का कुणाची?’ असा होता. तेव्हापासून पुणे सोडताना पोहे आणि वाटेत एक चहा, याखेरीज निपाणीपर्यंत आम्ही काहीही खात नाही.

मार्गाविषयी फार सांगण्यासारखे नाही. पुणे ते बेळगाव हे अंतर सुमारे 340 किलोमीटर आहे आणि सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, कागल, निपाणी, संकेश्वर असा तो सरळ राष्ट्रीय महामार्ग 48 आहे. कागलच्या पुढे कोगनोळीला कर्नाटकाची हद्द लागते. पेट्रोल हद्दीपलीकडे सहसा स्वस्त पडते, म्हणून टाकी निपाणीतच भरावी. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले आहे, त्यामुळे पाट्यांवर आणि मोबाइलच्या नकाशात तेच दिसेल. आम्ही मात्र घरीदारी बेळगावच म्हणतो, आणि वाट विचारताना आपणही तसेच म्हटले तरी कुणाचे काही अडत नाही. आतल्या रस्त्यांवर बऱ्याच पाट्या आणि बसवरची गावांची नावे केवळ कन्नडमध्ये असतात. अशा वेळी गाडी थांबवून टपरीवर विचारलेले बरे, कारण इथल्या बहुतेक माणसांना दोन्ही भाषा येतात.

खाण्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण या जिल्ह्यात जेवण कसे बदलते हे आधी ठाऊक असले, तर प्रवासात त्याची गंमत येते. जिल्ह्याच्या पश्चिम कडेला सह्याद्री आहे. मलप्रभेचा उगम जिथे होतो त्या कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात कोसळणारा पाऊस पूर्वेकडे जाऊ तसा झपाट्याने कमी होत जातो. तांबडी माती, जंगल आणि भाताची खाचरे मागे पडतात आणि बैलहोंगल, सौंदत्तीच्या बाजूला काळी रानं आणि ज्वारी सुरू होते. बेळगाव शहर या दोन्ही मुलखांच्या सांध्यावर बसले आहे. म्हणूनच खानापूर तालुक्यातल्या माझ्या आत्तीकडे तांदळाची भाकरी आणि कोकमाची कढी असते, तर तिथून गाडीने दोन-अडीच तासांवरच्या गोकाक तालुक्यात मामेबहिणीच्या सासरी ताटात ज्वारीची भाकरी आणि दही येते, आणि दोन्ही घरे आपण रोजचेच साधे जेवण वाढले असे मनापासून म्हणतात.

आपल्या चार घरांचा क्रम मी असा लावीन. पहिल्या दिवशी दुपारचे जेवण निपाणीला घेऊन, बेळगाव शहरात न शिरता, थेट खानापूर गाठावे. बेळगावपासून ते साधारण 26 किलोमीटर आहे. तिथे मुक्काम करावा आणि आई-वडिलांसाठी शाली व कानटोप्या हाताशी ठेवाव्यात, कारण डिसेंबरात तिथल्या पहाटे चांगल्याच बोचतात. दुसऱ्या दिवशी सकाळी हलशीचे भूवराह नरसिंह मंदिर जरूर पाहावे. गोव्याच्या कदंब राजांच्या काळातले हे मंदिर असून त्यात समोरासमोर तोंड केलेली दोन गर्भगृहे आहेत, आणि गर्दी अशी नसते. वाटेतले नंदगड हे 1831 मध्ये राणी चन्नम्माच्या बाजूने इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिलेले ठिकाण. मुलांना कित्तूरच्या राणी चन्नम्माची गोष्ट सांगत तिथे अर्धा तास सहज जातो. दुपारी खानापूरच्या घरी परत जेवायला यावे. माझ्या आत्तीच्या घरी तरी हलशी झाली का, असे आधी कुणी विचारत नाही, भात किती लावू हे विचारतात.

दुसऱ्या संध्याकाळी बेळगाव. इथे एक रात्र पुरेशी आहे, पण तिसऱ्या दिवशीची सकाळ बाजारासाठी मोकळी ठेवावी. कुंदा, म्हणजे दूध आटवून केलेली इथली मिठाई, घ्यायचा तर महामार्गावरच्या दुकानांतून घेऊ नये. गावातल्या जुन्या गल्ल्यांमध्ये नातेवाईक स्वतःसाठी जिथून घेतात तिथूनच घ्यावा. चांगला कुंदा तपकिरी आणि रवाळ असतो, बोटांनी दाबला तर किंचित तूप सुटते, आणि तो फ्रिजमधून काढल्या काढल्या खाण्यात अर्थ नसतो. आपल्या वडिलांना मधुमेह असल्यास बेळगावकरांना हे पहिल्या चहाच्या आधीच सांगून टाकावे. नंतर सांगितले, तर ‘एवढ्याने काय होतंय ओ’ असे उत्तर मिळते.

मांडे मात्र आधी सांगून ठेवावे लागतात. मनातल्या मनात मांडे खाण्याविषयी आपण सगळेच बोलतो, पण प्रत्यक्ष होताना पाहिलेली माणसे पुण्यात मला फार कमी भेटली. आमच्याकडे लग्नात मुलीबरोबर मांडे देण्याची रीत आहे, आणि माझी धाकटी मावशी ते अजून घरी करते. मऊसूत भिजवलेल्या कणकेची पारी ती आधी लाटते, मग ती दोन्ही हातांवर घेऊन मनगटांवरून कोपरापर्यंत झुलवत मोठी करते, इतकी की पलीकडची चूल आरपार दिसावी, आणि जाळावर पालथ्या ठेवलेल्या खापरावर अलगद सोडते. त्यावर तूप, पिठीसाखर आणि खसखस पसरून ते गरम असतानाच घडी घालायची असते. त्यासाठी मिळणारा वेळ अगदी थोडा, कारण खापरावरून उतरताच मांडा कडक होतो आणि मग घडीऐवजी तुकडे हातात येतात. मावशी या कामाच्या वेळी कुणाशी बोलत नाही, आणि स्वयंपाकघरात मुलांनी धावाधाव केलेली तिला अजिबात खपत नाही. आपल्या मुलांना पाहू द्यायचे असेल, तर त्यांना उंबऱ्यावर बसवावे.

तिसऱ्या दिवशी दुपारचे जेवण बेळगावात आटोपून गोकाकला निघावे. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर आहे. गोकाकचा धबधबा घटप्रभेवर सुमारे 52 मीटर उंचीवरून कोसळतो, पण डिसेंबरात पाणी बेताचेच असते, त्यामुळे मुलांना आधीपासून फार स्वप्ने दाखवू नयेत. झुलता पूल आणि खालची दरी पाहायला मिळते. आपले गोकाकचे घर कन्नड बोलणारे आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून दोन शब्द शिकवून ठेवते. ‘ऊटा आतेन्री?’ म्हणजे जेवण झाले का, आणि ‘साकु’ म्हणजे पुरे. दुसऱ्या शब्दाचा पानावर काही परिणाम होत नाही, तरी तो म्हणावा. तिथे कडक भाकरी, भरल्या वांग्याचे एण्णेगाई, कच्ची मेथी व कांदा, आणि शेंगदाण्याची किंवा कारळ्यांची चटणी असे ताट येईल. गोडात शेंगांची पोळी असली तर एक घास तरी जागा ठेवावी.

या घरांत भाषेची फार काळजी करू नये. माझ्या सासूबाईंना कन्नड येत नाही आणि मामेबहिणीच्या सासूबाईंना मराठी जेमतेम कळते. पहिल्या भेटीत दोघी बराच वेळ नुसत्या हसत बसल्या होत्या. मग चटणीची बरणी मध्ये आली आणि सासूबाईंनी बोटांनी चिमूट करून, लसूण सोलल्यासारखे हात करून, किती घातले ते विचारायला सुरुवात केली. त्या बाईंनी उत्तरादाखल सरळ उखळच पुढे ओढले. तासाभराने आम्ही निघालो तेव्हा सासूबाईंच्या पिशवीत अर्धा किलो चटणी आणि न कुटलेले कारळे वेगळे बांधून दिलेले होते. आता दर डिसेंबरात त्या मला गोकाकला केव्हा जायचे हे आधी विचारतात आणि बेळगावला केव्हा हे नंतर.

चौथ्या दिवशी परत बेळगावला येण्याची गरज नाही. न्याहारी करून घटप्रभा, हुक्केरी या मार्गाने संकेश्वरला महामार्गावर चढावे. निघण्याआधी गोकाकच्या बाजारातून करदंट घ्यावे. करिद म्हणजे तळलेला आणि अंटु म्हणजे डिंक. गूळ, सुके खोबरे आणि सुकामेवा घालून केलेले हे वड्यांचे खाद्य प्रवासात खराब होत नाही आणि थंडीत म्हाताऱ्या माणसांना मानवते.

जाताना काय न्यावे, असेही आपण विचारले आहे. पुण्याची बाकरवडी चालते, पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांसाठी खण-नारळ न्यावा, आणि तो चारही घरी सारखाच असावा, कारण कुणाला काय दिले हे तुम्ही पोहोचण्याआधीच पुढच्या घरी कळलेले असते. येताना मात्र डिकी निम्मी रिकामी ठेवून निघावे. खानापूरहून तांदूळ येईल, बेळगावहून रताळी आणि शहापूर-वडगावच्या शिवारातला सुवासिक तांदूळ येईल. त्याला आम्ही बेळगाव बासमती म्हणतो, पण तो उत्तरेकडच्या बासमतीहून निराळा, आमचा स्थानिक आहे. नको म्हणू नये, पिशव्या घट्ट बांधल्या आहेत की नाहीत एवढे पाहावे.

मांड्यांचा डबा डिकीत ठेवू नये. आम्ही एकदा तो तांदळाच्या पिशवीशेजारी ठेवला होता, आणि पुण्यात उघडला तेव्हा आत भुगा होता. मांडे तसेही दुधातच मोडून खायचे असतात, म्हणून आम्ही तो भुगा चमच्याने वाट्यांत घेऊन खाल्ला. पण ही गोष्ट मावशीला अजून कुणी सांगितलेली नाही. डबा आपल्या आईंच्या मांडीवर द्यावा.