"मॅडम, लिहिता येतं हो, बोलता येत नाही"

मी समुपदेशनाचं काम करते, आणि हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता समोरच्याने "मॅडम, लिहिता येतं..." म्हणलं की पुढचं मला माहीत असतं. कवी, कथाकार, रिटायर झाल्यावर आत्मचरित्र लिहिलेले एक इंजिनिअर, सगळ्यांचं तेच. पुस्तक येतं, प्रकाशन ठरतं, पत्रिका छापून येते, त्यात "लेखकाचे मनोगत" अशी एक ओळ असते आणि त्या ओळीपासून झोप उडते. म्हणून त्यातल्याच एकांची गोष्ट सांगते, त्यांना विचारून आणि ओळखू येणार नाहीत इतपत तपशील बदलून.

त्यांना आपण दत्ताभाऊ म्हणू. वय चाळीसच्या आसपास, सोलापूरकडचे, साखर कारखान्यात चिटबॉय म्हणून, म्हणजे शेतकऱ्यांच्या उसाच्या नोंदी आणि तोडीच्या चिठ्ठ्या बघणारा माणूस म्हणून, लागले आणि आता शेतकी ऑफिसात बसतात. पहिल्याच कथासंग्रहाला एका वाचनालयाचा पुरस्कार मिळालेला, कार्यक्रम तीन आठवड्यांवर, दहा मिनिटं बोलायचं. आणि हे माझ्याकडे कशाला आले, तर न जाण्यासाठी चांगलं कारण काय देता येईल हे विचारायला! पोराला ताप आलाय म्हणून कळवू का, म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात कागद हातात इतका थरथरला की त्याचा आवाज माईकमधून हॉलभर गेला, पुढच्या रांगेतली दोन पोरं हसली, हे पान उलटायला गेले तर सगळी पानं खाली. तेव्हापासून स्टेजचं नाव काढलं की तोंडाला कोरड.

मी विचारलं, "ऊसतोडीच्या टायमाला टोळी वेळेवर आली नाही की शेतकरी तुमच्यावर चालून येतात ना? तेव्हा काय करता?"

"बोलतो की. पन्नास माणसं अंगावर आली तरी बोलतो. रोजचंच आहे."

"म्हणजे फडात बोलता येतं."

"तिथं मी कारखान्याचा माणूस असतो ओ. स्टेजवर लेखक म्हणून उभं राहायचं म्हणजे..." आणि तिथेच थांबले.

मला काम करायला एवढं पुरे होतं. घसा तोच, माणूस तोच, मग बिघडतं ते बोलणं नसतंच, त्या वेळी मनात चाललेलं वाक्य बिघडलेलं असतं. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करते, म्हणजे मनातलं असं अविवेकी वाक्य शोधून ते बदलायचं, कि. मो. फडक्यांनी ही विचारपद्धती मराठी माणसापर्यंत आणली त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली, आणि बावीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतरही मला दुसरी वाट धरावीशी वाटलेली नाही. एलिस स्वतः तरुणपणी भाषणाला प्रचंड घाबरायचा. एकोणिसाव्या वर्षी त्याने ठरवून, पाय लटपटत असताना, लोकांसमोर पुन्हा पुन्हा बोलून ती भीती घालवली, आणि मग आयुष्यभर व्याख्यानं देत हिंडला. हे सांगितलं की लोकांना जरा बरं वाटतं.

दुसऱ्या भेटीत दत्ताभाऊ तयारी करून आले. "मॅडम, जी.ए. कुठे स्टेजवर जायचे?" हा प्रश्न मला दर दोन-तीन लेखकांमागे एक जण विचारतो, जी.ए. कुलकर्णींचा इतका आधार त्यांच्या कथांनाही कुणी घेतला नसेल. म्हणलं, जी.ए. धारवाडच्या कॉलेजात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवायचे, रोज पोरांसमोर उभं राहून बोलायचे. सभा-समारंभ त्यांना नको होते म्हणून ते जात नव्हते. तुम्हाला नकोय, की हवंय पण भीती वाटते?

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "हवंय. आईला घेऊन जायचंय."

मग मी कोरा कागद पुढे केला. स्टेजवर जायच्या आधी मनात नेमकं काय चालतं ते एका वाक्यात लिहा म्हणलं. त्यांनी लिहिलं: "मी लेखक आहे म्हणजे मला चांगलं बोलता आलंच पाहिजे, नाहीतर लोकांना कळेल की मी लेखक वगैरे काही नाही."

म्हणलं, आता हे दुसऱ्या कुणाच्या कथेतलं वाक्य समजा आणि एडिट करा. गडी लगेच पेन सरसावून बसला, डोळ्यात एकदम वेगळीच चमक. आधी "वगैरे काही" काढलं, फाफटपसारा म्हणे. मग "म्हणजे"वर अडकले. "हे जोडत नाही. लेखक असण्याचा आणि बोलता येण्याचा काय संबंध? इथं वाक्य तोडायला पाहिजे." तोडलं. मग "आलंच"मधल्या "च"वर पेन टेकवलं आणि तसंच ठेवलं. मी काही बोलले नाही. अशा वेळी तोंड बंद ठेवणं ही माझ्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे, अजूनही.

"हा च कुणी घातला?" त्यांनीच विचारलं.

"तुम्हीच."

खोडला. "पाहिजे"ही खोडलं. खाली नवीन वाक्य आलं, "मला चांगलं बोलता आलं तर आवडेल. नाही आलं तर वाईट वाटेल." वाचून नाक मुरडलं, "फिकं झालं ओ वाक्य."

"फिकंच हवंय. नाट्य कथेत ठेवा."

मोठ्याने हसले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसले.

त्या दिवशी घरी जाताना माझ्याही डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली. लेखक इतरांपेक्षा जास्त का घाबरतो? कारण त्याला खोडायची सवय असते. कथेचा पहिला खर्डा तो बायकोलाही दाखवत नाही, आणि स्टेजवर मात्र जे तोंडातून जाईल तो पहिलाच खर्डा, तोही दोनशे लोकांसमोर. बोलण्याकडून तो पाचव्या खर्ड्याची अपेक्षा करतो आणि मग पहिलं वाक्य अडखळलं की सगळं संपलं असं वाटतं. हे मी आता प्रत्येक लिहिणाऱ्याला सांगते.

बाकीच्या भेटी तयारीच्या. एसटी स्टँडवर सोलापूर लिहिलेल्या गाडीसमोर उभं राहून "ही गाडी कुठे जाते?" असं मोठ्याने विचारायला लावलं, तीनदा. लोक बघतात, कंडक्टर वैतागतो, आणि पुढे काहीच होत नाही, हे अंगाने कळावं लागतं, माझ्या सांगण्याने कळत नाही.

भाषण पाठ करू नका, एक शब्द निसटला की पुढचे सगळे जातात. पहिली दोन वाक्यं तेवढी तोंडात बसवा. आणि लेखकाकडे एक भांडवल असतं जे पुढाऱ्याकडे नसतं, स्वतःचा मजकूर! विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर, वसंत बापट गावोगाव जाऊन नुसत्या आपल्या कविता वाचायचे आणि लोक ऐकायला यायचे. म्हणून दहातली सहा मिनिटं कथाच वाचा, संवाद असलेला तुकडा निवडा, वर्णनं नकोत. मोठ्या टायपात प्रिंट काढा, पानांना नंबर घाला, कागदाखाली पुठ्ठ्याचं पॅड ठेवा म्हणजे थरथरला तरी वाजत नाही. घरी टायमर लावून मोठ्याने वाचा, मनातल्या मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं. आणि आपल्याकडे शाल-श्रीफळ, मान्यवरांचं स्वागत यात तासभर जातो, भीती त्या खुर्चीवर बसून वाढते, तर तेव्हा मनात भाषण घोकू नका, समोरच्या लोकांचे चेहरे बघा, लेखकाला तेही कामाचंच आहे.

धडधडीचं काय, म्हणाले, गोळी मिळते ना? मिळते, प्रोप्रॅनोलॉल, पण डॉक्टरला न विचारता मित्राच्या सांगण्यावरून मुळीच घ्यायची नाही, दमा असेल तर ती चांगलीच महागात पडू शकते. आणि धडधड दिसते असं जे वाटतं ना, तेवढी दिसत नाही. सॅविट्स्की आणि गिलोविच या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये अभ्यास छापला होता, आपली घबराट लोकांना दिसते त्यापेक्षा जास्त दिसतेय असं बोलणाऱ्याला वाटतं, आणि एवढं आधी समजावून सांगितलं तरी माणसं बरी बोलतात.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच फोन. "मॅडम, थरथरलो. पण बोललो." सूत्रसंचालकाने त्यांचं आडनाव चुकवलं, पाहुण्यांनी पाऊण तास खाल्ला, आणि सहाव्या मिनिटाला "२ मि." लिहिलेली चिठ्ठी हातात आली. त्या गडबडीत तिसऱ्या पानानंतर थेट पाचवं वाचलं. चौथं पान राहिलं हे घरी आल्यावर कळलं.

"आणि लोकांना?"

"कुणालाच नाही. एक बाई तेवढ्या आल्या, म्हणाल्या मधे काहीतरी राहिल्यासारखं वाटलं, घरी जाऊन वाचते. पुस्तक घेतलं त्यांनी. आई शेजारीच होती, सुट्टे पैसे तिनेच दिले."